अंदाज बरोबर आला, म्हणजे नेमकं काय?

वसमतला बसून समुद्राच्या मॉडेलवर कशाला बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण मंडळी, हळदीचं बेणं कधी लावायचं हे आपण पावसाच्या ज्या अंदाजावर ठरवतो, त्याच्या पोटात समुद्राचाही अंदाज असतो. पुण्याच्या आयआयटीएमचं मान्सून मिशनचं मॉडेल हवा आणि समुद्र एकत्रच चालवतं.

मॉडेल चुकतं ही माझी तक्रार नाही. ते तपासलं कसं जातं आणि त्यातलं आपल्यापर्यंत काय पोचतं, ही आहे.

आता बघा, समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान सावकाश बदलतं. 'उद्या आजच्याइतकंच' असं डोळे मिटून सांगणाराही बहुतेक वेळा पास होतो! मग मॉडेलची चूक थोडीच निघाली, एवढ्यावर टाळ्या कशाला? त्या डोळे मिटलेल्या माणसापेक्षा ते जितकं सरस, तेवढीच त्याची कमाई.

दुसरं, ताडून कशाशी बघता? जगभर आर्गोची सुमारे ४००० तरंगती यंत्रं फिरताहेत. साधारण दर दहा दिवसांनी ती २००० मीटरपर्यंत जाऊन वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात. आपल्याकडे हे काम हैदराबादचं इन्कॉइस बघतं. माहिती मोलाचीच. पण हेच आकडे मॉडेलला सुरुवातीला भरवले जातात. भरवलेल्या आकड्यांशीच उत्तर जुळवलं, तर तो फुटलेला पेपर झाला. अंदाज आधी नोंदवायचा, मोजमाप नंतर यायला हवं.

आणि २०१९ घ्या. हवामान खात्याने देशाला सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला, पडला ११०. तो आकडा संख्याशास्त्रीय पद्धतीचा होता, पण त्यातही समुद्राचे निर्देशक होतेच. त्याच वर्षी हिंदी महासागरात आफ्रिकेकडचं पाणी तापलं, सुमात्राकडचं गार झालं. नोंदींतल्या सर्वांत तीव्र द्विध्रुवांपैकी तो एक. समुद्र ओळखण्यात चूक किती झाली आणि समुद्रावरून पाऊस काढण्यात किती, हे दोन हिशेब वेगळे मांडायला हवेत. एकाच टक्केवारीत दोन्ही झाकले जातात.

बरं, समजा कुणी ११० सांगितलं असतं. देशासाठी तंतोतंत! पण त्याच ऑगस्टात सांगली-कोल्हापूर पुरात होतं आणि आपल्या मराठवाड्यात कृत्रिम पावसासाठी विमान उडत होतं. वसमतच्या शेतकऱ्याने त्या अचूकतेचं काय करायचं होतं?

म्हणून मागणी एवढीच, की अंदाजाशेजारी आपल्या विभागापुरता त्याच महिन्याचा मागच्या दहा वर्षांचा ताळा छापावा, चुकलेल्या वर्षांसकट. मराठीत. आता प्रश्न घेऊ.