‘भरपाई’ कशाची?

कतारमधील २०२२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेला फिफाने ‘कार्बन-तटस्थ’ म्हटले होते. अंदाजित उत्सर्जन सुमारे ३६ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके. त्याची ‘भरपाई’ होणार होती. आमचा आक्षेप या शब्दाला आहे. पवनचक्कीचे क्रेडिट विकत घेतले, की तेवढा कोळसा जळायचा वाचला असे धरतात. (पवनचक्की एरवीही उभी राहिलीच असती, तर काय वाचले?) पण प्रेक्षकांच्या विमानांनी सोडलेला वायू हवेतच राहतो. झाड तो निदान शोषून घेते, पवनचक्की नाही. हिशेबात मात्र दोघांच्या टनाला एकच नाव! जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील जाहिरातविषयक आयोगाने फिफाचा दावा सिद्ध झालेला नाही, तो पुन्हा करू नये, असा निर्णय दिला.