छंद कुणाचा, नाद कुणाचा?

मराठीत एकाच गोष्टीला दोन नावे आहेत. वकिलाचा मुलगा पेटीवर बसला की त्याला पेटीचा छंद असतो. वीटभट्टीवरच्या मजुराचा मुलगा ढोलकीपाशी बसला की त्याला ढोलकीचा नाद लागलेला असतो. छंद जोपासायचा असतो आणि नाद सोडवायचा असतो. छंदाचे कौतुक पाहुण्यांसमोर होते, नादाची तक्रार मास्तरांकडे जाते. छंद या शब्दाचा मूळ अर्थ इच्छा, आवड. पण कुणाच्या इच्छेला इच्छा म्हणायचे आणि कुणाच्या इच्छेला छंदीफंदीपणा, हे आपल्या भाषेने माणसाची पायरी पाहून ठरवले आहे.

हे सांगण्याचे कारण असे की ‘कमी खर्चात छंद कसे जोपासावेत’ या विषयावरचे लेख रविवारच्या पुरवण्यांतून नेमाने येत असतात. जुनी पुस्तके विकत घ्या, वाचनालयाचे सभासद व्हा, समुद्रकिनारी फिरायला जा, घरच्या घरी चित्रे काढा. हा सल्ला खोटा नाही, त्यातला काही उपयोगाचाही आहे. परंतु या सगळ्या लेखनाने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वाचकाजवळ फक्त पैसा कमी आहे. वेळ, जागा आणि मनाचे स्वास्थ्य त्याच्याजवळ आहेच, असे हा लेखक मानून चालतो. ही पांढरपेशा गरिबी झाली. श्रमिकाची गरिबी वेगळी असते आणि तिचा हिशेब या लेखनाने कधी मांडलेला नाही.

मी शिरगावात राहतो. गावाला समुद्र आहे, जुना किल्ला आहे. फुकटच्या छंदाला याहून काय हवे, असे कुणालाही वाटेल. पण आमच्या वस्तीतला जो तरुण बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जातो, तो पहाटे घर सोडतो, पालघर स्टेशन गाठतो, उमरोळी ओलांडून बोईसरला उतरतो आणि तिथून पुढे कारखाना. परत येतो तेव्हा किनाऱ्यावर काळोख असतो. त्याच्या बायकोची पाळी तर संपतच नाही. पाणी, चूल, पोरे आणि दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी. शेजारी सातपाटीला ज्या बाया बोंबील वाळत घालतात, त्यांना किनारा फिरायला जाण्याची जागा वाटत नाही. तो त्यांचा कारखाना आहे. एकच वाळू, एकाची सुटी आणि दुसरीची मजुरी.

म्हणून माझे म्हणणे असे की छंदाचा पहिला प्रश्न पैशाचा नाही, फुरसतीचा आहे. आणि फुरसत हा राजकीय प्रश्न आहे. बाबासाहेबांनी तो फार आधी ओळखला होता. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ सालच्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली, ती काही यंत्राच्या प्रेमापोटी नव्हे. पशू पोट भरण्यापुरता जगतो, माणसाला संस्कृती हवी असते, संस्कृतीला फुरसत लागते, आणि श्रमाचा भार हलका झाल्याशिवाय बहुजनांना फुरसत मिळणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. साध्या राहणीचे गोडवे गाणाऱ्यांना तो आजही पचलेला नाही. ही केवळ ग्रंथातली गोष्ट राहिली नाही. बाबासाहेब केंद्रात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते सहा तास म्हणजे मराठी कामगाराच्या छंदाचे खरे भांडवल होय.

हे भांडवल आज पुन्हा उचलून नेले जात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात आले. कंत्राटी कामगाराच्या संमतीला काय वजन असते ते बोईसरला जाणाऱ्या कुणालाही विचारावे. शिवाय माणूस आठवड्याच्या बेरजेवर गाणे शिकत नाही. तो संध्याकाळी शिकतो.

फुरसतीबरोबर दुसरी एक अट आहे, नकाराच्या हक्काची. आपल्या समाजात वाद्य नव्हते असे नाही. पण हलगी गावाच्या हुकमाने वाजत होती. लग्न त्यांचे, जत्रा त्यांची, बोट फुटेपर्यंत वाजवायचे आपण, आणि नाही म्हणायची सोय नाही. ज्या कलेला नाही म्हणता येत नाही तिला छंद म्हणता येणार नाही. ती वेठ आहे. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, आणि गावकीची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. या लढ्याच्या काळातच आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांसारख्यांनी तीच ढोलकी, तोच गळा घेतला, पण आता हुकूम कुणाचा नव्हता. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत, कष्ट करता करता. आपण वाजवायचे आणि आपल्याच माणसांसाठी, आपल्या मर्जीने वाजवायचे, ही क्रांती होती. खर्च तोच, अर्थ बदलला.

आमच्याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण आदिवासी भावंडांचे आहे. वारली घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढला जातो. सामान घरचेच. हे काम परंपरेने बायांचे आणि निमित्त लग्नाचे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नाचे निमित्त नसतानाही रोज काढू लागले. त्यांना ते आवडत होते, एवढेच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि ही चित्रे कागदावर उतरून जगभर गेली. २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. परंतु दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. बाहेरच्या चित्रकाराची नजर पडेपर्यंत या मनस्वी माणसाच्या आवडीला शहरी संस्कृतीच्या लेखी नावच नव्हते. आणि कागदाबरोबर पैसा आला तेव्हा भिंतीवरच्या बाया मागे राहिल्या, पुरुष पुढे झाले. फुकट होते तोवर बाईचे, मोल आले की पुरुषाचे, हा नियम आपल्या वस्त्यांतही चालतो.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या चळवळीने आणि समीक्षेने आनंदाकडे संशयाने पाहिले आहे. कविता विद्रोहाची असेल तर ती आपली, कुणी पाखरांची चित्रे काढली, कॅरम खेळला, जुनी तिकिटे जमवली तर तो भरकटला, असा निवाडा आपण सहज देतो. म्हणजे ‘नाद’ हा प्रस्थापितांचाच शब्द आपण आपल्या पोरांवर उलटवतो. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे आपण कौतुकाने सांगतो, पण वस्तीतल्या मुलीने तबला मागितला तर तिला स्पर्धा परीक्षेचे पुस्तक देतो. पुस्तक दिलेच पाहिजे. तबला का नाही, याचे उत्तरही दिले पाहिजे.

एकट्याच्या खिशाला पेटी परवडत नाही. पंचवीस घरांना परवडते. विहाराच्या जयंतीच्या वर्गणीतून भाड्याच्या ध्वनिक्षेपकावर एका रात्रीत जे जाते, त्यातला काही भाग बाजूला काढला तर एक पेटी, एक ढोलकी, कॅरमचा एक बोर्ड आणि पुस्तकांचे एक कपाट वर्षभरासाठी सगळ्यांचे होते. मात्र विहाराचे दार रोज संध्याकाळी उघडे राहिले पाहिजे, आणि मुलींसाठी आधी. कामगार संघटनांच्या मित्रांना माझे सांगणे आहे की पगारवाढीच्या मागणीपत्रात संध्याकाळची मागणीही लिहा, वेगळ्या कलमात, स्पष्ट शब्दांत.