मेलेला नायक किती महिन्यांनी परत येतो?

अमेरिकेत अतिमानवी नायकांच्या कॉमिक्सचे अंक दर महिन्याला निघतात. ते निघण्याच्या दोन-तीन महिने आधी त्यांची यादी प्रसिद्ध होते. कोणत्या अंकात काय घडणार, चित्रे कोणाची, किंमत किती, हे सारे त्या यादीत असते. वेताळाच्या ‘इंद्रजाल’ अंकांवर वाढलेले आम्ही पुढे या अमेरिकन नायकांच्याही नादी लागलो आणि ही यादी अनेक वर्षे उत्सुकतेने वाचत आलो. आता मात्र ती वाचताना आमचा हात पेन्सिलीकडे जातो. ‘या अंकात एका महान नायकाचा अंत’ असे दिसले, की आम्ही समासात एक आकडा लिहून ठेवतो. हा नायक किती महिन्यांनी परत येईल, याचा तो अंदाज असतो.

अंदाज बांधायला आधीची निरीक्षणे भरपूर आहेत. सुपरमॅन नोव्हेंबर १९९२ मध्ये मेला आणि १९९३ मध्ये परत आला. कॅप्टन अमेरिका २००७ मध्ये मेला, २००९ मध्ये परतला. ‘फँटॅस्टिक फोर’मधला ह्यूमन टॉर्च २०११ मध्ये मेला आणि त्याच वर्षी जिवंत झाला. वुल्व्हरिनने जरा दम धरला : मृत्यू २०१४, पुनरागमन २०१८. प्रत्येक वेळी यादीत आशय एकच होता, की आता काहीही पूर्वीसारखे राहणार नाही. आणि प्रत्येक वेळी सारे पूर्वीसारखे झाले.

अंकांच्या क्रमांकांचीही हीच गत. ‘ॲक्शन कॉमिक्स’ हे मासिक १९३८ मध्ये सुरू झाले. त्याच्याच पहिल्या अंकात सुपरमॅन प्रथम अवतरला. २०११ मध्ये ९०४वा अंक निघाल्यावर प्रकाशकांनी पाटी पुसली आणि पुन्हा अंक १ काढला. नव्या मालिकेचे ५२ अंक झाले आणि २०१६ मध्ये पुढचा अंक आला तो ९५७ क्रमांकाचा! ९०४ अधिक ५२ बरोबर ९५६, हा हिशेब चौथीतला विद्यार्थीही करील. म्हणजे पाटी पुसलीच नव्हती, तिच्यावर नुसते फडके टाकले होते.

असे का होते? यामागे लेखकांचा आळस नाही, विक्रीची रचना आहे. कॉमिक्सची दुकाने यादी पाहून आगाऊ मागणी नोंदवतात आणि न खपलेले अंक सहसा परत घेतले जात नाहीत. म्हणजे अंकाचा पहिला ग्राहक वाचक नसून दुकानदार असतो, आणि तो अंक न वाचता विकत घेतो. त्याच्या मनात मागणी निर्माण करायची तर मृत्यू, लग्न, अंक १ किंवा निराळे मुखपृष्ठ हवे. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या पहिल्या अंकाची पाच प्रकारची मुखपृष्ठे काढली गेली आणि दुकानांनी ८० लाखांहून अधिक प्रती मागवल्या. पुढे भाव चढेल या आशेने लोकांनी गठ्ठे घेऊन ठेवले. जी वस्तू घरोघर साठवलेली आहे तिचा भाव चढत नाही, हे त्यांना उशिरा कळले. तो फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये प्रकाशक मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आमची खरी तक्रार मात्र पैशांची नाही. ज्या घटनेचा परिणाम मागे घेता येतो, ती घटनाच राहत नाही. हे आम्हाला जिथे प्रथम उमगले तो अंक जून १९७३चा : ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’, क्रमांक १२१, लेखक जेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक नायकाच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली ढकलतो. स्पायडर-मॅन जाळ्याचा धागा टाकून तिला अधांतरी पकडतो. पण तिच्या मानेजवळ काडकन मोडल्याचा आवाज दाखवणारा एक छोटा शब्द छापलेला आहे. ती मेलेली असते.

गॉब्लिन म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडताना माणूस जमिनीला टेकण्याआधीच मरतो. हे चूक आहे. पडण्याने कोणी मरत नाही. एकदम थांबण्याने मरतो. हिशेब करून पाहू. ती ९० मीटर पडली असे धरले आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर वेग सेकंदाला ४२ मीटर होतो. धाग्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवले, तर मंदन दर सेकंदाला सेकंदामागे ८४ मीटर. तिचे वस्तुमान ५० किलोग्रॅम मानले, तर धाग्यावरचा ताण तिच्या वजनाच्या सुमारे साडेनऊपट येतो. तोच धागा लवचिक असता आणि थांबायला दोन सेकंद लागली असती, तर ताण तिप्पटच राहिला असता. अर्थात त्यासाठी धागा सुमारे ४२ मीटर ताणला जायला हवा. नायकाने तिला वाचवण्यासाठी जे केले त्यानेच ती मेली. निसर्गनियमाने नायकाचीही गय केली नाही, म्हणून ते पान अजून बोचते.

आणि २०२५च्या यादीत काय आले? ग्वेन स्टेसी परत येते आहे, अशी जाहिरात. तिच्या प्रतिकृती आणि दुसऱ्या विश्वांतल्या नामधारी ग्वेन आधीही येऊन गेल्या होत्या. आता खुद्द तिचीच पाळी! आम्ही पेन्सिल खाली ठेवली. आम्हाला राग आला नाही, वाईटही वाटले नाही. वाईट वाटेनासे होणे हाच तोटा आहे.

न्यायाने सांगायचे तर यादीत सगळेच टाकाऊ नसते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगोटा यांनी ब्रूस वेनची संपत्ती काढून घेतली. त्याच वर्षीच्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये पीटर पार्करला शक्ती मिळते ती शाळकरी वयात नव्हे, तर दोन मुलांचा बाप झाल्यावर. एक घटक बदलायचा, बाकीचे शक्यतो तसेच ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे, ही प्रयोगाचीच रीत झाली. शिवाय पीटरचे हे विश्व २०२६ मध्ये संपवणार असल्याचे प्रकाशकांनी २०२५ मध्येच जाहीर केले. ज्या गोष्टीला शेवट आहे तिथे मृत्यूला वजन येते.

आपले विद्यार्थी हे नायक कॉमिक्समधून नाही तरी चित्रपटांतून ओळखतात. त्यांना ‘हे सगळे खोटे आहे’ असे सांगून फारसे साधत नाही. त्यापेक्षा एक उपक्रम करून पाहावा. येऊ घातलेल्या कोणत्याही अंकाची किंवा चित्रपटाची जाहिरात घ्यावी. तिच्यातला दावा एका वाक्यात लिहावा. कोणती गोष्ट घडली तर तो दावा खोटा ठरेल, हेही त्याखाली लिहावे. कागद पाकिटात बंद करून वर्षाने उघडावा. काही दाव्यांबाबत दुसरे वाक्य लिहिताच येत नाही, असे मुलांच्या लक्षात येईल. नेमके तेच दावे सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असतात.