कोठडीतील सोबत्याची साक्ष

कॅनडातील निवृत्त न्यायमूर्ती फ्रेड कॉफमन यांनी १९९८ साली सादर केलेला मॉरिन खटल्याचा चौकशी-अहवाल प्रांजळपणाचा उत्तम नमुना आहे. ऑन्टारिओ प्रांतातील एका बालिकेच्या खुनाचा आरोप मॉरिन या तरुणावर आला. १९८६ मध्ये तो सुटला, फेरखटल्यात १९९२ साली दोषी ठरला आणि १९९५ साली डीएनए चाचणीने निर्दोष ठरला. त्याने तुरुंगात गुन्हा बोलून दाखविला, असे शपथेवर सांगणारे दोन कैदी होते. एक त्याच्याच कोठडीतला, दुसरा शेजारच्या.

कैदी खोटे बोलला यात नवल ते काय! ज्याच्यापाशी देण्याजोगे काहीच उरले नाही, त्याला दुसऱ्याची कबुली हे एकच चलनी नाणे. शिवाय भिंतीआडचे बोलणे पडताळावे कसे? ते नाकारणारा आरोपी. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? न्यायमूर्तींनी हे सारे नेमके हेरले आहे.

परंतु उपायांपाशी आमचा मतभेद होतो. जबानीचे चित्रमुद्रण व्हावे, साक्षीदाराचा पूर्वेतिहास आणि त्याला दिलेली आश्वासने उघड करावीत, इथवर ठीक. मात्र अशी साक्ष पुढे आणावी की नाही, हे ज्येष्ठ सरकारी वकिलांच्या समितीने ठरवावे, असे ते सुचवितात. समितीचे सभासद त्या खटल्याशी असंबद्ध असले, तरी ज्या पक्षाला साक्ष हवी त्याच्याच बांधवांनी ती पारखावी, हे आम्हांस पटत नाही. सोफोनो प्रकरणात न्यायमूर्ती पीटर कोरी यांनी २००१ साली अधिक सरळ वाट दाखविली: अशी साक्ष सामान्यतः घेऊच नये, अपहृताचा ठावठिकाणा सांगणाऱ्यासारखा एखादाच अपवाद असावा.

आपल्या कायद्यात पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ चा हा दंडक २०२३ च्या अधिनियमातही टिकला आहे. सहकैद्यापुढील कबुलीस असा सरसकट बांध नाही. न्यायालये न्यायालयाबाहेरील कबुलीस दुबळा पुरावा मानतात, एवढाच आधार.

मॉरिन खटल्यातील खरा खुनी म्हणून पोलिसांनी २०२० साली दुसऱ्याच इसमाचे नाव जाहीर केले. तो २०१५ मध्येच मरण पावला होता. खोट्या साक्षीने निरपराध्याला गोवले, आणि अपराधी मोकळाच राहिला. बेलभंडार उचलणाऱ्याच्या दुसऱ्या मुठीत काय आहे, हे आधी पाहावे. शपथ नंतर ऐकावी.