'गुण' आणि डकोटाचे मैदान

रॉबर्ट पर्सिग यांचे 'झेन अँड दि आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स' (१९७४) हे पुस्तक तत्त्वचिंतन म्हणून वाचले जाते. त्यातील प्रवास केवळ निमित्त समजला जातो. हे मत ग्राह्य वाटत नाही. १९६८ साली मुलाला मागे बसवून मिनियापोलिसहून निघालेले पर्सिग प्रथम मिनेसोटा व डकोटा येथील विस्तीर्ण शेतीप्रदेश ओलांडतात. तेथे नेत्रदीपक असे फारसे काही नाही; पिके, वारा, ऊन आणि क्षितिज. दृश्य मनाला ओढून नेत नाही, म्हणूनच ते इंजिनाच्या आवाजाकडे व साखळीच्या ताणाकडे वळते. पुढील सिद्धांताचे बीज या अवधानात आहे.

मराठी अनुवादकाची कसोटी लागते ती 'क्वालिटी' या केंद्रवर्ती शब्दापाशी. 'गुणवत्ता' म्हणावे, तर परीक्षेची 'गुणवत्ता यादी' आठवते. आणि या ग्रंथातील अध्यापक तर विद्यार्थ्यांना श्रेणी कळविण्याचेच थांबवितो! नुसता 'गुण' हा शब्दही या दोषातून सुटत नाही. तरीही तोच स्वीकारावा. औषधाचा 'गुण आला' असे आपण म्हणतो, तेव्हा तो औषधात की रोग्यात, हे सांगता येत नाही. दोहोंच्या भेटीत तो प्रकटतो. पर्सिग यांचे म्हणणे नेमके हेच आहे. साखळीचा ताण जुळतो, तेव्हाही गुण यंत्राचा की हाताचा, हा प्रश्न उरत नाही. म्हणूनच मैदानाची पाने संक्षेपात गाळणाऱ्या अनुवादकाला हा शब्द कोशात सापडेल, ग्रंथात सापडणार नाही.