भिंतीवरचा दुष्काळ

‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे अमेरिकी छायाचित्र-प्रदर्शन १९५६ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत लागलं. आमचा, आताच्या जालना जिल्ह्यातला, अंबड तालुका मुंबई राज्यात आला तोही त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला. तोवर आम्ही हैदराबाद राज्यात. एडवर्ड स्टायकेननं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टसाठी आदल्या वर्षी हे प्रदर्शन उभं केलं होतं. त्यात ६८ देशांतली ५०३ छायाचित्रं होती. जन्म, प्रेम, कष्ट, मरण सगळीकडे सारखंच, अवघी माणसं एकाच घरची, असा त्याचा सूर. गॅलरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, फ्लोरा फाउंटनला, संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्यांवर काही महिन्यांपूर्वीच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. माणूस दाखवण्याच्या नादात इतिहास पुसला, असा आक्षेप पॅरिसमध्ये हे प्रदर्शन पाहून फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थनं घेतला होता. मुंबईत तर तो जास्तच लागू होता.

तरी अमेरिकी संग्रहालयांचं श्रेय नाकारता येत नाही. वर्तमानपत्रातलं छायाचित्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. त्यांनी ते जपलं, भिंतीवर टांगलं, त्यावर वाद घातले. न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात छायाचित्रकार वॉकर इव्हान्सचं एकट्याचं प्रदर्शन १९३८ साली, स्वतंत्र छायाचित्र विभाग १९४० साली, आणि पुढे १९६७मध्ये आर्बस, फ्रीडलँडर, विनोग्रँड या छायाचित्रकारांचं प्रदर्शन. मला मात्र अमेरिकी छायाचित्रणातलं दुष्काळ आणि मंदीचं काम जवळचं वाटतं. सरकारी खात्यानं पगारावर नेमलेल्या छायाचित्रकारांनी देशोधडीला लागलेले शेतकरी टिपले. त्या कामाच्या सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात आहेत, कुणालाही पाहता येतील अशा. डोरोथिया लँगची १९३६मधली ‘मायग्रंट मदर’ त्यातलीच. जगभर गाजलेल्या त्या बाईचं नाव मात्र लोकांना १९७८ साली कळलं: फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. आपल्या चेहऱ्यातून आपल्याला छदाम मिळाला नाही, ही तिची तक्रार होती. संग्रहालयाच्या भिंतीला हे फारसं खुपलं नव्हतं.

आपल्याकडे तसं काम झालंच नाही, असं नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रं वर्षानुवर्षं काढली. पण ती टांगायच्या भिंती पाहा: जहांगीर, एनसीपीएची पिरामल गॅलरी, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सगळ्या दक्षिण मुंबईत! २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी त्यांवर कुऱ्हाड चालवली. ती छायाचित्रं छापून आली आणि गेली. पुढच्या पिढीला पाहायची झाली तर कुठलं दार ठोठावायचं?

पत्रकार पी. साईनाथ यांनी वेगळी वाट काढली. ग्रामीण बायांच्या श्रमांवरचं त्यांचं ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन कारखान्यांच्या फाटकांवर, रेल्वे स्थानकांवर, एसटी स्टँडांवर, शेतमजुरांच्या मेळाव्यांत लागलं. ज्यांची छायाचित्रं, तेच प्रेक्षक. मला हा प्रयोग ‘फॅमिली ऑफ मॅन’पेक्षा धीट वाटतो, कारण इथं बघणारी बाई चूक काढू शकते. त्याची उणीव एवढीच की फिरतं प्रदर्शन उठलं की गावात काही उरत नाही. जतनाचं काम संग्रहालयासारख्या संस्थेलाच करावं लागतं, आणि ते तालुक्याच्या ठिकाणी करायला कुणी पुढे येत नाही.

अंबडमध्ये ऊसतोड कामगारांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचं झालं, तर चौकटीखाली छायाचित्रकाराआधी कामगाराचं नाव हवं, आणि ते मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातच भरवावं. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांकडे निघू लागतात.