राहणं आणि राहिलेलं



आज एकच निबंध घ्यायचा आणि तो आपल्या मातीत ठेवून तपासायचा आहे. निबंध मार्टिन हायडेगरचा आहे, 'बांधणे, राहणे, विचार करणे'. मुळात तेही व्याख्यानच. 1951 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात ते झालं. समोर वास्तुरचनाकार बसलेले, बाहेर महायुद्धात उद्ध्वस्त झालेली शहरं. घरांचा तुटवडा हा तिथला रोजचा प्रश्न. अशा सभेत हायडेगरचं म्हणणं काय, तर खरी अडचण घरं कमी असण्याची नाही, माणसाला राहणं म्हणजे काय हेच अजून शिकायचं आहे, ही खरी अडचण.

हे आम्ही वर्गात अनेक वर्षं मोठ्या आदरानं शिकवलं. आता यवतमाळ जिल्ह्यात बसून पुन्हा वाचताना तो आदर थोडा कमी झाला आहे. का, ते सांगतो.

आधी निबंधाचं बळ पाहू. 'बांधणे' या जर्मन शब्दाच्या मुळाशी 'राहणे' आहे, असं तो दाखवतो. आपण आधी बांधतो आणि मग राहतो, असं नाही. राहणारे आहोत म्हणून बांधतो. हे आपल्याला पटायला पुस्तक लागत नाही. दारव्हा, आर्णी, घाटंजी, कुठल्याही रस्त्यानं जा. पुढची खोली स्लॅबची, मागे टिना, त्यामागे पऱ्हाट्यांचा कूड. स्लॅबच्या वर सळया उभ्या. घर अर्धं आहे आणि संसार पूर्ण आहे.

आपल्या मराठीत तर याहून पुढची गंमत आहे. 'आम्ही इथं राहतो' आणि 'छपाई राहिली', दोन्हीकडे क्रियापद एकच. वस्ती करणं आणि बाकी असणं, दोन्ही 'राहणं'च. हायडेगरला मराठी येत असती तर त्याला ही जोडी नक्कीच आवडली असती. आणि कदाचित त्याचा निबंध वेगळा झाला असता.

आमचंच पाहा. आम्ही दोघांनी 1983 साली घर काढलं. पहिल्या वर्षी पैसे जोत्यावरच संपले. पुढच्या उन्हाळ्यात भिंती उभ्या झाल्या, दोन खोल्यांवर टिना टाकल्या आणि राहायला गेलो. स्लॅब पडायला 1991 उजाडलं. बाहेरची छपाई मुलीच्या लग्नाच्या वर्षी झाली. 'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' म्हणतात, ते आम्ही एकाच पगारात पाहिलं. मागची एक भिंत आजही उघड्या विटांची आहे. तिचं काम राहिलं आहे आणि आम्ही राहतो आहोत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मातीचा. हायडेगरच्या लेखी धरती म्हणजे सांभाळणारी, फळं देणारी. आपली काळी जमीन सांभाळते, कापूसही देते, पण ती हलते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. म्हणून जाणता मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खोदा म्हणतो, आणि तुटपुंज्या पैशातला मोठा वाटा कुणालाच न दिसणाऱ्या खड्ड्यात जातो. धरतीशी आपलं नातं आहे, पण ते भरवशाचं नाही. निबंधात ही सावधगिरी नाही.

दुसरा आक्षेप कष्टाचा. उदाहरण म्हणून तो दोनशे वर्षांपूर्वीचं, ब्लॅक फॉरेस्टमधल्या शेतकऱ्याचं घर देतो. उताराच्या आडोशाला, दक्षिणेकडे तोंड, बर्फ पेलणारं छप्पर, आत देवाचा कोपरा. वर्णन सुंदर आहे. पण ते घर एका दमात उभं राहिल्यासारखं वाटतं. छप्पर कितव्या वर्षी झालं, कर्ज कुणाचं होतं, भिंती दरसाल कोण सारवत होतं, यातलं काही नाही. त्याची स्वतःची टोटनाउबेर्गची झोपडी 1922 साली झाली, आणि ती उभी करून घेण्याची खटपट त्याच्या पत्नीनं, एल्फ्रिडनं केली. आपल्याकडे कोलाम पोडावर बघा, नाहीतर कुठल्याही कुडाच्या घरात. लिंपण, सारवण बायांच्याच हातचं. पावसानं उडालेली माती पुन्हा थापणं हेही बांधणंच आहे, पण त्याला कुणी बांधकाम म्हणत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यात गंभीर. छप्पर नसलेल्याला 'आधी राहायला शिक' हे सांगायचा अधिकार कुणाला? उलट टोकाला आपली सरकारी घरकुलं आहेत. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी 1,20,000 रुपये ठरले. घर किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट. कंत्राटदार नाही, घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, हे कलम आम्हाला मनापासून आवडतं. पण बारा महिन्यांत पूर्ण करायचं, आणि हप्ता टप्प्याच्या फोटोवर. कापसाचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो. बांधकाम उन्हाळ्यात निघतं. तेव्हाच गावात पाणी नसतं, आणि स्लॅबला तर दिवसातून दोनदा पाणी मारायचं असतं. एका वर्षात बसवायला माणूस मग उसनवारी करतो. जो हळू बांधून कर्ज टाळत आला, त्याला आपण घाईनं कर्जात ढकलतो.

तिसरी वाट आहे का? आहे. जॉन टर्नरनं पेरूमधल्या वस्त्या पाहून 1970 च्या दशकात मांडलं की घर ही वस्तू नव्हे, क्रिया आहे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना जोतं, पाणी आणि संडास दिलं, पुढचं घर ज्यानं त्यानं वाढवायचं. चिलीत अरावेनानं इकिके शहरात अर्धंच घर बांधून दिलं. जे अर्धं कुटुंबाला एकट्यानं जमणं अवघड, नेमकं ते.

इथंही सावध राहिलं पाहिजे. 'लोक आपलं आपण बांधतात' याचं कौतुक करता करता सरकारनं हात झटकायला वेळ लागत नाही. हळू बांधणं महागही पडतं. उघड्या सळया गंजतात, टिनांखाली मे महिना काढावा लागतो, रेतीचा भाव दर वर्षी नवा. आम्ही सात वर्षं टिनांखाली काढली, ती साधना नव्हती. पैसे नव्हते म्हणून काढली.

म्हणून आमचं मत असं. हायडेगरनं राहणं आधी ठेवलं, हे बरोबर. पण राहिलेलं त्याला दिसलं नाही. आणि योजनेला फक्त राहिलेलं दिसतं, तेही बारा महिन्यांपुरतं. जमिनीखालचं काम पूर्ण घराचं असावं, ते समाजानं उचलावं. जमिनीवरचं काम कुटुंबाच्या चालीनं होऊ द्यावं, मग त्याला दहा वर्षं लागोत.

पुढच्या वेळी याच निबंधातला 'पूल' घेऊ. तोवर आपापल्या घरात काय राहिलं आहे ते एकदा पाहून ठेवा. आम्हीही ती मागची भिंत पाहून येतो.